एका डॉलरच्या पेटीचे वारस

आमच्या घराच्या ओटीवर एक जुने छायाचित्र टांगलेले आहे. स्टुडिओतील रंगविलेल्या पडद्यापुढे आजोबा खुर्चीवर बसले आहेत, आजी शेजारी उभी आहे आणि तिचा पदर धरून एक लहान मुलगा कॅमेऱ्याकडे भेदरल्या नजरेने पाहतो आहे. तो मुलगा म्हणजे आमचे वडील. त्यांच्या बालपणाचे एवढे एकच छायाचित्र घरात आहे. उलट आमच्या धाकट्या लेकीच्या पहिल्या कम्युनियनची, २००५ साली काढलेली, दीडशेहून अधिक छायाचित्रे आमच्यापाशी होती. ती ज्या संगणकात होती तो एके दिवशी कायमचा बंद पडला आणि त्या दीडशेंतील एकही आज उरलेले नाही.

ही दोन टोके मनात असतानाच परवा आमच्या भाचीने विचारले, "मामा, मला छायाचित्रण शिकायचं आहे. माझ्या ऐपतीत बसेल असा एखादा लहानसा डिजिटल कॅमेरा सुचवाल का?" प्रश्न साधा होता, पण उत्तर शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले की, नवशिक्याच्या हाती स्वस्त कॅमेरा कसा आला याचा स्वतंत्र असा एक इतिहास आहे, आणि तो जाणून घेतल्यावाचून तिला नीट उत्तर देता येणार नाही.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेर याची पद्धत जाहीर झाली आणि छायाचित्रणाचे युग सुरू झाले. आपल्या मुंबईतही १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. परंतु ही कला दीर्घकाळ धनिकांची, अधिकाऱ्यांची आणि व्यावसायिकांचीच राहिली. १८५१ पासून रूढ झालेल्या ओल्या काचपट्टीच्या पद्धतीत काचेवर रसायन चढवून, ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे आणि लगेच धुवावे लागे. अवजड कॅमेरा, तिकाटणे, काचा, बाटल्या आणि अंधारा तंबू एवढा संसार बरोबर बाळगण्याचे बळ व पैसा सामान्य माणसापाशी कोठून असणार?

हा भार ज्याने हलका केला तो जॉर्ज ईस्टमन स्वतः नवशिका होता, ही गोष्ट आम्हाला मोठी अर्थपूर्ण वाटते. अमेरिकेतील रॉचेस्टर गावच्या बँकेतील या तरुण कारकुनाने प्रवासाला निघण्याच्या बेताने छायाचित्रणाचे साहित्य विकत घेतले. प्रवास राहून गेला. पण त्या सामानाच्या ओझ्याने तो विचारात पडला. १८८८ साली त्याने 'कोडॅक' कॅमेरा बाजारात आणला. त्यात शंभर चित्रांची गुंडाळी भरलेली असे. ती संपली की कॅमेराच कारखान्याकडे पाठवायचा. तेथे चित्रे धुऊन, नवी गुंडाळी भरून तो परत मिळे. किंमत मात्र २५ डॉलर होती आणि पुढील धुलाईचे १० डॉलर वेगळे. म्हणजे कॅमेरा सोपा झाला, तरी स्वस्त झाला नव्हता.

तो स्वस्त झाला १९०० साली. त्या वर्षी आलेली 'ब्राउनी' म्हणजे पुठ्ठ्याची एक पेटी, तिला साधे भिंग आणि एक खटका. किंमत अवघा एक डॉलर, आणि सहा चित्रांच्या फिल्मला १५ सेंट. मुलांसाठी म्हणून काढलेल्या या पेटीने थोरांनाही वेड लावले. तोवर छायाचित्र म्हणजे ताठ बसून पार पाडायचा विधी होता. आता अंगणातली मुले, दारातले कुत्रे, सहलीतली हसरी माणसे चित्रात येऊ लागली. सामान्य घरांतील दैनंदिन सुखदुःखांना प्रथमच साक्षीदार मिळाला.

आपल्याकडे हे सुख बरेच उशिरा पोहोचले. आमच्या पिढीला आठवतो तो 'आग्फा क्लिक थ्री'. एका रोलमध्ये बारा चित्रे निघत. कोणाच्या घरी तो असला की लग्नसराईत त्याला मोठी मागणी असे. पुढे ऐंशीच्या दशकात 'हॉट शॉट' आला आणि छत्तीस चित्रांचा रंगीत रोल घरोघर परिचयाचा झाला. तरीही प्रत्येक खटक्याला पैसे पडत. रोल पुरा होईपर्यंत थांबायचे, मग स्टुडिओत द्यायचा, आणि आठवड्याने कळायचे की निम्म्या चित्रांत माणसांची डोकीच उडाली आहेत! चूक कळेपर्यंत ती कशी घडली हे विसरलेले असे. स्वस्त कॅमेऱ्यानेही शिकणे महागच होते.

ही अडचण डिजिटल तंत्राने दूर केली. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत बॉइल आणि स्मिथ यांनी प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर करून तो वाचू देणारी सीसीडी ही चकती शोधली. १९७५ मध्ये कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने ती वापरून पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला. वजन साडेतीन किलोंहून अधिक. चित्र केवळ दहा हजार ठिपक्यांचे. आणि ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. सामान्यांच्या दृष्टीने खरे वळण आले ते १९९५ साली. जपानच्या कॅसिओ कंपनीने क्यूव्ही-१० या छोट्या कॅमेऱ्याच्या पाठीवर पडदा बसविला. चित्र घेतले की तत्क्षणी दिसे; चुकले तर पुसून पुन्हा घेता येई. नवशिक्याला यापेक्षा चांगला गुरू कोणता?

पुढील पंधरा वर्षे या लहान कॅमेऱ्यांचीच होती. २०१० साली जगभरात सुमारे बारा कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले व त्यांतील बहुसंख्य कॉम्पॅक्ट होते. मग भ्रमणध्वनीने ती जागा घेतली. २०१२ च्या जानेवारीत खुद्द कोडॅकला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. २०२३ मध्ये वर्षभरातील कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांची संख्या वीस लाखांच्याही खाली आली होती. आणि गंमत अशी की, नेमक्या याच काळात तरुण मुले कपाटांतील जुने कॉम्पॅक्ट कॅमेरे पुन्हा शोधू लागली आहेत.

हा सारा इतिहास भाचीला सांगून आम्ही त्यातून निघणारे चार शब्द तिच्यापुढे ठेवले. पहिला हा की मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नये. सहा इंच बाय चार इंचांच्या सुबक प्रतीला दोन मेगापिक्सेल पुरतात. खरे महत्त्व प्रकाश टिपणाऱ्या चकतीच्या आकाराला. साध्या कॉम्पॅक्टमधील चकती सुमारे सहा मिलिमीटर रुंद असते, तर 'एक इंची' म्हणविणारी तेरा मिलिमीटरची. मोठ्या चकतीला मंद उजेडातही अधिक प्रकाश मिळतो. पण तिची किंमतही मोठी. बाजारातील काही अतिस्वस्त नव्या कॅमेऱ्यांवरचे चाळीस-पन्नास मेगापिक्सेल हे पुष्कळदा लहान चित्र ताणून दाखविलेले आकडे असतात. दुसरा शब्द झूमविषयी. भिंग पुढेमागे सरकून होतो तोच खरा झूम. डिजिटल झूम म्हणजे चित्राचा तुकडा कापून मोठा करणे.

तिसरा शब्द वापरलेल्या कॅमेऱ्याविषयी. असा कॅमेरा घेण्यात कमीपणा नाही. परंतु त्याची बॅटरी आणि कार्ड आज मिळते का, हे आधी पाहावे. काही जुन्या कॅमेऱ्यांना लागणारी एक्सडी कार्डे आता तयार होत नाहीत. काहींना दोन जीबीहून मोठे एसडी कार्ड चालत नाही. साध्या पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा मिळाल्यास पुन्हा भरता येणारे सेल वापरावेत. सेलच्या कप्प्यात गंज नसावा, भिंग न अडखळता आतबाहेर व्हावे, आणि पांढऱ्या भिंतीचे एक चित्र घेऊन त्यात डाग दिसतात का हे दुकानातच तपासावे.

चौथा शब्द मात्र कॅमेऱ्याविषयी नव्हता. ओटीवरच्या त्या छायाचित्राकडे बोट दाखवून आम्ही म्हणालो, "बाळ, शंभर चित्रं काढ, हजार काढ. पण महिन्याला निदान पाच तरी कागदावर छापून घे आणि मागे नाव व तारीख लिही. उरलेली दोन ठिकाणी साठवून ठेव."

पंधरा दिवसांनी ती सेलवर चालणारा एक जुना कॅमेरा घेऊन आली. पहिले चित्र तिने आजीचे, म्हणजे आमच्या आईचे काढले. आज तिचे वय ऐंशीच्या पुढे आहे. चित्र किंचित तिरपे आले, पण आई त्यात मनापासून हसते आहे. छापून आणलेल्या प्रतीच्या मागे भाचीने सुवाच्य अक्षरांत नाव आणि तारीख लिहिली आहे. आता ओटीवर त्या जुन्या चौकटीशेजारी दुसरी चौकट लागली आहे.