शँपेन इंडेज आणि नारायणगावची द्राक्षबाग

शँपेन इंडेज : पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात, नारायणगाव येथे उभी राहिलेली वाइननिर्मिती कंपनी. संस्थापक उद्योजक श्यामराव चौगुले. फ्रान्सच्या शँपेन प्रांतातील पारंपरिक पद्धतीने, म्हणजे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून, फेसाळ वाइन व्यापारी प्रमाणावर तयार करणाऱ्या भारतातील सुरुवातीच्या कंपन्यांत हिचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. ‘ओमर खय्याम’ आणि ‘मार्किज द पाँपादूर’ ही तिची प्रसिद्ध उत्पादने.

पार्श्वभूमी : दख्खनच्या पठारावर द्राक्षवेल जुनी आहे. चौदाव्या शतकात दौलताबादेत राहून गेलेल्या इब्न बतूताने तेथील द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, अशी नोंद केली आहे. दौलताबाद पुढे हैदराबाद संस्थानात गेले. खुद्द हैदराबाद शहर व त्याचा परिसर ‘अनाब-ए-शाही’ या टपोऱ्या, बिया असलेल्या जातीसाठी नावाजला. ती तेथे रुजवण्याचे श्रेय अब्दुल बाकर खान यांना दिले जाते. नाशिक, सांगली, सोलापूर या पट्ट्यात थॉम्पसन सीडलेस आणि तिच्यातून निवडलेल्या तास-ए-गणेश, सोनाका या जातींनी बागायतदारांचे अर्थकारण बदलले. मात्र ही सारी द्राक्षे खाण्यासाठी किंवा बेदाण्यासाठी होती. वाइनच्या द्राक्षाला साखर, आम्ल आणि साल यांचा वेगळा तोल लागतो. त्यात मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ मुळे या व्यवसायाकडे पाहण्याची दृष्टीही संशयाची होती. अशा वातावरणात इंडेजची सुरुवात झाली.

स्थापना : १९८२च्या सुमारास चौगुले यांनी शँपेन प्रांतातील पिपर-हाइडसिक या नामवंत कंपनीचे तांत्रिक साहाय्य मिळवले. त्या कामासाठी राफाएल ब्रिस्बुआ हा तरुण फ्रेंच वाइनतज्ज्ञ भारतात आला. जागांची पाहणी करून नारायणगावची निवड झाली. द्राक्षे, आंबा, भाजीपाला यांसाठी ओळखला जाणारा हा मीना नदीकाठचा परिसर पुणे–नाशिक रस्त्यावर आहे. येथे सह्याद्रीच्या पूर्व उतारावर वेली लावण्यात आल्या आणि वाइनरी बांधण्यात आली. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात फेसाळ वाइन बाजारात आली.

बाग : शँपेन प्रांत उत्तर अक्षांश ४९च्या आसपास आहे, तर नारायणगाव १९च्या. तिकडे वेल हिवाळ्यात झोपते. इकडे तिला विश्रांती नसते. वेळापत्रक माणसाला कात्रीने घालून द्यावे लागते. एप्रिलमधल्या खरड छाटणीने काडी तयार होते, ऑक्टोबरच्या आसपासच्या गोडी छाटणीने घड धरतो. छाटणी दोन आणि पीक एक, ही मराठी बागायतदाराची नेहमीची शिस्त वाइनच्या द्राक्षालाही लावावी लागली. अशा रीतीने घड पावसाळ्याच्या तडाख्यातून सुटतो आणि थंडीत पोसला जातो. समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० ते ७५० मीटर उंचीमुळे रात्री गार राहतात व मण्यातील आम्ल काही प्रमाणात टिकते. पूर्वेकडचा उतार सकाळचे ऊन घेतो आणि दुपारच्या प्रखर उन्हापासून थोडा वाचतो. चुनखडीचा अंश असलेली जमीन हेही निवडीचे एक कारण होते. शार्डोने, पिनो न्वार, उनी ब्लां या युरोपीय जातींची लागवड झाली आणि स्थानिक थॉम्पसन सीडलेसचाही उपयोग करण्यात आला. भुरी, केवडा आणि करपा या रोगांशी रोजचा सामना होताच.

एखाद्या बागेची ओळख पटायला फार वेळ लागतो. एकाच बागेच्या द्राक्षांची वाइन वेगळी बाटलीबंद करण्याची प्रथा शँपेनमध्येही अपवादात्मक आहे. तेथे अनेक गावांच्या आणि अनेक वर्षांच्या वाइनी एकत्र करण्यावर भर असतो. क्रुग कंपनीची ‘क्लो द्यु मेनील’ ही त्यातील गाजलेली बाग. १.८४ हेक्टरच्या या बागेभोवतीची भिंत १६९८ सालची आहे. क्रुगने १९७१मध्ये ती घेतली, आणि तिच्या १९७९च्या पिकाची वाइन १९८६मध्ये विक्रीस आली. जवळपास त्याच काळात नारायणगावच्या बागेची पहिली पिके येत होती. एका तुकड्याच्या मातीची चव ओळखायला तिथे किती पिढ्या गेल्या, हे पाहिले की नारायणगावला मिळालेली वीस-पंचवीस वर्षे फार थोडी होती, हे ध्यानात येते.

निर्मिती : फेसाळ वाइनची द्राक्षे पुरती गोड होण्याआधीच, आम्ल भरपूर असताना तोडतात. हलक्या दाबाने काढलेला रस आंबवून साधी, कोरडी, आंबटसर वाइन तयार होते. तिच्यात यीस्ट आणि लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम साखर घालून ती जाड काचेच्या बाटल्यांत भरली जाते. बंद बाटलीत दुसऱ्यांदा आंबण्याची क्रिया होते आणि तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वाइनमध्येच विरघळतो. आतला दाब वातावरणाच्या सुमारे सहापट होतो. मृत यीस्टच्या गाळावर वाइन महिनोन्‌महिने पडून राहते, तेव्हा तिला भाजलेल्या पावासारखा गंध येतो. शँपेन प्रांतात विक्रीपूर्वी किमान १५ महिने थांबण्याचा नियम आहे. नंतर तिरक्या फळ्यांत उलट्या खोचलेल्या बाटल्या थोड्या थोड्या फिरवून गाळ तोंडाशी आणतात, तोंड गोठवून तो बाहेर काढतात आणि थोडी साखरमिश्रित वाइन घालून कायमचे बूच बसवतात. उष्ण प्रदेशात या सर्व टप्प्यांवर तापमान सांभाळणे हे मोठे आव्हान असते. इंडेजने ते नारायणगावात पेलले.

नावे व बाजार : ‘ओमर खय्याम’ मुख्यतः निर्यातीसाठी होती. ब्रिटनमध्ये तिची विक्री झाली आणि भारतातही अशी वाइन होऊ शकते, हे पाश्चात्त्य जाणकारांच्या लक्षात आले. ‘मार्किज द पाँपादूर’ देशांतर्गत ग्राहकासाठी होती. ‘रिव्हिएरा’, ‘शाँतिली’ या साध्या वाइनीही निघाल्या. एका फेसाळ वाइनचे नाव फारसी कवीचे, दुसरीचे फ्रेंच दरबारातील स्त्रीचे. नारायणगाव मात्र या नावांत कोठेच नव्हते. ठिकाणाचे नाव तेथील मालालाच राखून ठेवणारा भौगोलिक मानांकनाचा भारतीय कायदा २००३मध्ये अमलात आला आणि पुढे फ्रान्सच्या ‘शँपेन’ला भारतात मानांकन मिळाले. इंडेजनेही आपल्या नावातील ‘शँपेन’ वगळून ‘इंडेज व्हिंटनर्स’ हे नाव घेतले.

विस्तार आणि अखेर : महाराष्ट्र शासनाने २००१मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर करून वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली, नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क झाले. मागणी वाढली, तसा इंडेजने देशात व परदेशात वेगाने विस्तार केला. २००८च्या जागतिक मंदीनंतर कर्जाचा भार असह्य झाला आणि पुढे देणेकऱ्यांच्या अर्जांवरून मुंबई उच्च न्यायालयात कंपनी गुंडाळण्याची कार्यवाही झाली. वेल लावल्यापासून तिचे चांगले पीक येईपर्यंत काही वर्षे जातात, फेसाळ वाइन तयार व्हायला आणखी काळ लागतो. एवढा धीर अल्प मुदतीच्या कर्जाला नसतो. इंडेजच्या अखेरीतून या उद्योगाला मिळणारा हा सर्वांत महत्त्वाचा धडा आहे.

वारसा : पठारावरच्या उष्ण हवेत पारंपरिक पद्धतीची फेसाळ वाइन होऊ शकते, हे नारायणगावने सिद्ध केले. पुढे हे काम नाशिक जिल्ह्याकडे सरकले. तेथे सुला या वाइन कंपनीने फेसाळ वाइन काढली आणि मोएट हेनेसी या फ्रेंच समूहाने दिंडोरी तालुक्यात ‘शाँदों’ची निर्मिती सुरू केली. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात खुंटरोपे, छाटणी आणि वाइनच्या जाती यांवर संशोधन चालते. ज्या कायद्याने शँपेनचे नाव शँपेनलाच राखून ठेवले, त्याच कायद्याखाली ‘नाशिक व्हॅली वाइन’लाही भौगोलिक मानांकन मिळाले आहे. जुन्नरच्या उतारांनाही असे स्वतःचे नाव मिळायला हवे होते. ते मिळाले नसले, तरी भारतीय फेसाळ वाइनच्या इतिहासात नारायणगावचे स्थान पहिल्या पानावरचे आहे.