नव्या गाडीची पहिली सर्व्हिसिंग कधी करायची? किलोमीटर पाहायचे की तारीख?

दसऱ्याला नवी कार घरी आली, पण ऑफिसला जाणं-येणं लोकलनेच. गाडी फक्त रविवारी बाहेर निघते. महिना झाला तरी मीटरवर जेमतेम ४०० किलोमीटर. मग सर्व्हिसिंगची घाई कशाला, असं अनेकांना वाटतं. नेमकी इथेच चूक होते.

‘जे आधी होईल ते’

सर्व्हिस बुकलेटमध्ये प्रत्येक सर्व्हिससाठी दोन आकडे असतात : किलोमीटर आणि मुदत. उदाहरणार्थ, मारुती सुझुकीच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांची पहिली फ्री सर्व्हिस १,००० किलोमीटर किंवा १ महिना, दुसरी ५,००० किलोमीटर किंवा ६ महिने अशी असते. यातलं जे आधी पूर्ण होईल, ते धरायचं. म्हणजे वरच्या उदाहरणातल्या गाडीची सर्व्हिस ४०० किलोमीटरलाच करावी लागेल. इतर कंपन्यांचे आकडे वेगळे असतात, त्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीवरून अंदाज न बांधता आपलं बुकलेट पाहा.

मुदत चुकली तर?

त्या टप्प्याची फ्री सर्व्हिस हातची जाऊ शकते. शिवाय ठरलेल्या वेळी सर्व्हिसिंग करणं ही वॉरंटीची अट असते. पुढे मोठा बिघाड झाला आणि नोंदी अपुऱ्या असल्या, तर क्लेम अडकू शकतो.

पहिल्या सर्व्हिसमध्ये काय होतं?

ही मुख्यतः तपासणी असते. ऑइल, कूलंट आणि ब्रेक फ्लुइडची पातळी, कुठे गळती आहे का, ब्रेक, बॅटरी, टायरमधली हवा, नट-बोल्ट हे सगळं पाहिलं जातं. अनेक गाड्यांमध्ये या वेळी इंजिन ऑइल बदलत नाहीत. आपल्या मॉडेलसाठी काय सांगितलंय, ते बुकलेटमध्ये असतं.

‘फ्री’ म्हणजे सगळं फुकट?

नाही. फक्त मजुरी माफ असते. ऑइल, फिल्टर किंवा इतर साहित्य लागलं, तर त्याचे पैसे द्यावे लागतात. कोटिंग, इंजिन क्लीनिंग यांसारखी कामं बुकलेटमध्ये नसतील, तर ती नाकारता येतात.

बुकिंग कसं करायचं?

• मुदत संपण्याच्या आठवडाभर आधी फोन करून किंवा कंपनीच्या ॲपवरून वेळ घ्या. सणाला अनेक गाड्या एकाच वेळी विकल्या जातात, त्यामुळे महिन्याभराने वर्कशॉपमध्येही गर्दी होऊ शकते.
• सर्व्हिस बुकलेट आणि आरसी सोबत ठेवा. आरसी अजून आली नसेल, तर गाडीचं बिल चालेल का, ते फोनवरच विचारा.
• खडखड आवाज, गाडी एका बाजूला ओढणं, दार नीट न लागणं अशा तक्रारी लिहून न्या आणि जॉब कार्डवर नोंदवून घ्या. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं.
• जॉब कार्डवर सही करण्याआधी अंदाजे खर्च विचारा.
• गाडी परत घेताना बुकलेटवर तारीख, किलोमीटर आणि शिक्का आहे ना, ते तपासा. बिल जपून ठेवा.

घरी परतल्यावर एकच काम उरतं : पुढच्या सर्व्हिसची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवणं. मीटर अधूनमधून नजरेस पडतो, तारीख मात्र सहज निसटते.