मोथा
मोथा (सं. मुस्ता, मुस्तक, हिं. मोथा, गु. मोथ, कुल-सायपेरेसी). मुस्तक कुलातील ही बहुवर्षायू ओषधी असून तिचे शास्त्रीय नाव सायपेरस रोटुंडस आहे. लिनीअस यांनी ते १७५३ मध्ये दिले. बाजारात नागरमोथा म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात सायपेरस स्कॅरिओसस या निराळ्या जातीचाही समावेश असतो, त्यामुळे नावांचा घोटाळा जुनाच आहे. याच कुलातील ऱ्हिंकोस्पोरा ही ‘चोचदार’ फळांची प्रजाती पाणथळ जागी वाढते. नासिक जिल्ह्याच्या उत्तरेकडील बागलाण तालुक्यात, म्हणजे सटाण्याच्या परिसरात, शेतकऱ्याला ओळख आहे ती मोथ्याची.

खोड सडपातळ व तीनधारी, पाने अरुंद, तळाशी गर्दीने आलेली, कणिशके तांबूस तपकिरी, केसरदले तीन, किंजल्के तीन, फळ तीनधारी. बी क्वचितच रुजते. वनस्पतीचा खरा पसारा जमिनीखाली असतो : बारीक भूमिगत खोडांवर साखळीप्रमाणे काळसर, सुगंधी कंद येतात. नांगराने साखळी तुटली, की तुटलेला प्रत्येक कंद स्वतंत्र रोप होऊ शकतो.

प्राचीन साहित्यात मात्र मोथ्याची गणना उपद्रवात नाही. चरक व सुश्रुत संहितांत मुस्ता हे औषध आहे. ज्वरावरील षडंगपानीयाच्या सहा द्रव्यांत ती येते. कालिदासाच्या शाकुंतलातील दुसऱ्या अंकात रानडुकरांनी डबक्यातील मुस्ता उकरण्याचा उल्लेख आहे. याच वनस्पतीला १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तणांविषयीच्या एका जागतिक ग्रंथात सर्वांत त्रासदायक तण ठरविण्यात आले.

हा बदल का झाला, हे बागलाणात चांगले समजते. मोसम व आरम या नद्यांवर लहान बंधारे घालून पाटाने पाणी देण्याची फड पद्धत येथे कित्येक पिढ्या चालत आली. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, दरवर्षी पीक फिरवावयाचे, पाणी पाटकऱ्याने वाटावयाचे, राखण जागल्याने करावयाची, असा तिचा शिस्तबद्ध व्यवहार होता. उसाची दाट सावली व भाताच्या खाचरात साचलेले पाणी, ही दोन्ही मोथ्याला मानवत नाहीत. तण मारण्यासाठी ही व्यवस्था योजलेली नव्हती. परंतु पिकांच्या फेरपालटीने मोथ्याला आळा बसत असला पाहिजे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

विहिरींच्या पाण्यावर ज्याचे त्याने पीक ठरविण्याची रीत रूढ झाली आणि कांदा हे प्रमुख नगदी पीक बनले. कांद्याची पात उभी व पोकळ. तिची सावली जमिनीवर जवळजवळ पडतच नाही. उन्हाची व ओलाव्याची दोन्ही सोय मोथ्याला आयतीच मिळते. खुरपणीने वरचा भाग जातो, कंद राहतात आणि थोड्याच दिवसांत नवे कोंब येतात. मजुरीचा हा वारंवार होणारा खर्च लहान शेतकऱ्याला जड जातो. पानांवाटे कंदापर्यंत पोहोचणारी तणनाशके आहेत, पण त्यांतील ग्लायफोसेट उभ्या कांद्यावर वापरता येत नाही, कारण ते पीकही मारते. उन्हाळ्यात खोल नांगरून कंद वर आणणे व कडक उन्हात वाळविणे हा जुना उपाय अद्याप उपयोगी पडतो. मात्र त्यासाठी रान काही आठवडे कोरडे व मोकळे ठेवावे लागते.