कोळसा धुतात म्हणजे काय करतात? म्हैसाळच्या विजेशी त्याचा संबंध असा

कवठे महांकाळ : तालुक्यात कोळशाची खाण नाही, औष्णिक वीज केंद्रही नाही. पण म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पंप कृष्णेचे पाणी मिरज, कवठे महांकाळ आणि जतच्या शिवारात चढवतात ते विजेवर, आणि राज्यातली बरीचशी वीज आजही कोळशावर होते. योजनेच्या वीजबिलाचा ८१ टक्के भार शासनाचा आणि १९ टक्के शेतकऱ्यांचा, असे सूत्र आहे. म्हणून कोळसा कसा आहे, हा विषय इथल्या बागायतदारापर्यंत येतो.

राख येते कुठून?

राज्यातला कोळसा विदर्भातला : चंद्रपूर, यवतमाळमधील वणी पट्टा आणि नागपूर परिसर. येथील बहुतेक खाणी नागपूरला मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी झाडपाला वाहत येऊन साचला, त्याच्यासोबत मातीगाळही साचला. त्यामुळे आपल्याकडच्या कोळशात साधारण ३० ते ४५ टक्के राख निघते. खोदताना वरचा-खालचा दगड मिसळतो तो वेगळाच.

धुण्याची रीत

बाजरीवर अरगट येऊ नये म्हणून पेरणीआधी १० लिटर पाण्यात २ किलो मीठ टाकून बियाणे बुडवतात. रोगट दाणे वर तरंगतात, चांगले तळाला बसतात. वॉशरीत हेच तत्त्व, फक्त उलटे : इथे चांगला माल वर आणि दगड खाली.

आधी कोळसा फोडून सारख्या आकाराचा करतात. मग पाण्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजाची बारीक पूड कालवून पाणी जड केले जाते. चांगला कोळसा पाण्याच्या १.३ ते १.४ पट जड, दगड दुपटीहून जड. त्यामुळे दोन्ही वेगळे होतात. मॅग्नेटाइट चुंबकाने परत काढून पुन्हा वापरतात. दुसरी पद्धत जिगची : पाणी खालून धक्क्याधक्क्याने उसळवायचे, म्हणजे हलके वर आणि जड खाली थर लागतात. अगदी बारीक चुऱ्यासाठी फेस करून कोळसा वर काढला जातो.

मात्र कोळशाच्या कणाकणात मुरलेली राख धुऊन जात नाही. निघतो तो सुटा दगड आणि शेल.

हिशेब काय सांगतो?

समजा ४० टक्के राखेचा १०० टन कोळसा धुतला आणि ३४ टक्के राखेचा ७५ टन मिळाला. उरलेल्या २५ टन 'रिजेक्ट'मध्ये ५८ टक्के राख असते, पण बाकीचे ४२ टक्के जळणारेच. म्हणजे साडेदहा टन जळण बाजूला पडले. हे रिजेक्ट कुठे गेले, काय भावाने गेले, यावरच धुण्याचा नफातोटा ठरतो.

फायदाही आहे. रेल्वेने दगड वाहावा लागत नाही, बॉयलरची झीज कमी होते, केंद्राजवळ राख कमी साचते. दुसरीकडे धुतलेला कोळसा ओला असतो, आणि खाणीजवळ रिजेक्टचे ढीग व काळे पाणी राहते. एकूण राख तेवढीच, तिची जागा बदलते.

नियम बदलले

केंद्राने १९९७ मध्ये अधिसूचना काढून १००० किलोमीटरहून दूरच्या वीज केंद्रांना ३४ टक्क्यांपेक्षा जास्त राखेचा कोळसा वापरण्यास मनाई केली. शहरी व संवेदनशील भागातल्या केंद्रांनाही ती अट होती. २०१४ मध्ये अंतर टप्प्याटप्प्याने ५०० किलोमीटरवर आणायचे ठरले. मे २०२० मध्ये मात्र ३४ टक्क्यांची अटच काढली. धुण्यामुळे राख दोन ठिकाणी सांभाळावी लागते, असे एक कारण दिले गेले. आता धुवायचा की नाही, हा मुख्यतः खर्चाचा प्रश्न आहे.

बिलात काय बघायचे?

कोळशाचा नुसता टनामागचा भाव बघून उपयोग नाही. स्वस्त पण राखेचा कोळसा एका युनिटला जास्त लागतो. धुतलेला कमी लागतो, पण धुलाईचा खर्च व वजनातली घट धरावी लागते. इंधनाचा वाढीव खर्च वीजबिलात 'इंधन समायोजन आकार' म्हणून येतो. पाणीपट्टीचा विषय निघाला की ही ओळ वाचायला विसरू नये.