कारखान्यातला गोंगाट आणि ऑडिओमेट्री: कानांची तपासणी का गरजेची?

यंत्रमागाच्या शेडमध्ये शेजारच्याशी बोलायलाही ओरडावं लागत असेल, तर तिथला आवाज कानांना घातक असू शकतो. भारतातील कारखान्यांसाठी ८ तासांच्या पाळीत ९० डेसिबल ही मर्यादा आहे; ९५ डेसिबलला फक्त ४ तास. सततच्या गोंगाटाने कानाच्या आतल्या केसपेशी मरतात आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत. सुरुवातीला ४००० हर्ट्झच्या आसपासचे आवाज ऐकू येणं कमी होतं. साधं बोलणं ऐकू येत राहिल्याने ते लक्षात येत नाही. ऑडिओमेट्रीत मात्र दिसतं.

गोंगाटामुळे आलेला बहिरेपणा कामगार राज्य विमा (ईएसआय) योजनेत व्यावसायिक आजार मानला जातो. भरपाईच्या वेळी तो कामामुळेच आला का, हे पाहिलं जातं. म्हणून नोकरीला लागतानाचा आणि दरवर्षीचा रिपोर्ट जपून ठेवा.