तळटीप : राखेच्या बुधवारापूर्वीचे दिवस

१. मूळ मजकुरातील ‘इंत्रूज’ म्हणजे राखेच्या बुधवारापूर्वीचे तीन दिवस. १५३४ साली पोर्तुगीज अंमलाखाली गेलेला वसईचा मुलूख चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये जिंकून घेतला; तथापि त्या अमदानीत रुजलेले धार्मिक पंचांग नायगावसारख्या गावांच्या ख्रिस्ती वस्तीत सत्तेच्या अस्तानंतरही अबाधित राहिले. राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत, रविवार वगळून, चाळीस दिवसांचा जो उपवासकाळ येतो, त्यात पूर्वी मांस, चरबी व अंडीही वर्ज्य असल्यामुळे, घरातील हा साठा तत्पूर्वी संपविणे सर्वच कॅथलिक देशांत क्रमप्राप्त होते. थंडीने गोठलेल्या पोलंडात याच हेतूने अखेरच्या गुरुवारी मुरंबा भरलेले गोड वडे डुकराच्या चरबीत तळीत, घुंगरे बांधलेल्या घोड्यांच्या बर्फगाड्यांतून गावोगाव फिरत आणि मंगळवारी रात्री खारवलेला मासा खाऊन मेजवान्यांचा निरोप घेत. गोमंतकात याच दिवसांत खेड्यांतून ‘खेळ’ ही लोकनाट्ये होत. पणजीची, कार्निव्हलचा राजा मानल्या जाणाऱ्या मोमोची मिरवणूक १९६५ नंतरची आहे, आणि तिच्यावरूनच या सणाची पारख करणे, आमच्या मते, अन्यायाचे होय, कारण त्याचे खरे अधिष्ठान चूल आणि शेजार हेच आहे. बुधवारी कपाळी लागणारी राख गतवर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून करतात.

— संपादक