पॉइंटांची नावं आणि विझलेल्या भट्ट्या

उर्दूत इतिहासाला 'तारीख' म्हणतात. मराठीत तारीख म्हणजे नुसता दिनांक. मी दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे वर्गात या शब्दावरून दरवर्षी हशा पिकतो. सहलीच्या बाबतीत मात्र आपण सगळेच मराठी अर्थाला धरून असतो. तारीख ठरली, गाडी ठरली, हॉटेल ठरलं की सहल ठरली. दुसरी 'तारीख' घरीच राहते.

बीएडला आम्हाला 'क्षेत्रभेट' नावाचा एक प्रकार शिकवला होता. मुलांना ठिकाणावर न्यायचं, पाहायला लावायचं, प्रश्न विचारायला लावायचे. सातारा-सांगलीकडच्या शिक्षकाची क्षेत्रभेट बहुतेक वेळा महाबळेश्वरलाच जाते. तिथे मुलं काय पाहतात? पॉइंट. काय खातात? स्ट्रॉबेरी, मक्याचं कणीस आणि गरम चणे. वहीत काय लिहून आणतात? साहेबांची नावं.

या नावांची गोष्ट अशी. १८२४ साली साताऱ्याच्या छावणीतला लॉडविक नावाचा इंग्रज अधिकारी हा डोंगर चढून आला, म्हणून लॉडविक पॉइंट. आर्थर मॅलेट यांनी कड्याजवळ पहिल्यांदा घर बांधलं, म्हणून आर्थर सीट. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या मुलीचं नाव केट, म्हणून केट्स पॉइंट. त्या जागेला आधी नाकेखिंड म्हणत. गव्हर्नरांचं स्वतःचं नाव बाजारपेठेला मिळालं, माल्कमपेठ. १८२९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार झाला. महाराजांनी डोंगरमाथ्यावरचा हा मुलूख इंग्रजांना दिला आणि बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव घेतलं.

दहा वर्षांनी, १८३९ मध्ये, याच प्रतापसिंहांना इंग्रजांनी गादीवरून उतरवून बनारसला पाठवलं. ते १८४७ मध्ये तिथेच वारले. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते कितीतरी वर्षं लंडनला राहून धन्याची बाजू मांडत राहिले. उपयोग झाला नाही. १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्यच खालसा झालं. आज आपण ज्या वेण्णा तलावात होड्या वल्हवतो, तो प्रतापसिंहांच्या मागून गादीवर आलेल्या त्यांच्या भावाने, शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांनी, १८४२ साली बांधवला. होडीच्या तिकिटाच्या रांगेत उभे असताना एवढं सांगायला पाच मिनिटं पुरतात.

हे झालं राजे आणि गव्हर्नरांचं. त्यांच्याबद्दल निदान पुस्तकांत वाचायला मिळतं. मला सांगायचं आहे ते ज्यांच्या नावाचा एकही पॉइंट नाही त्यांच्याबद्दल.

त्या काळी इंग्रज सरकार हिंदुस्थानातले कैदी सिंगापूर-पिनांगकडे धाडत असे आणि तिकडचे चिनी व मलय कैदी इकडे आणत असे. असे काही कैदी १८३०च्या दशकात महाबळेश्वरला आले. त्यांच्यासाठी तुरुंग होता, तो १८६४ पर्यंत चालला. या माणसांनी रस्ते केले, टोपल्या विणल्या आणि बाजारासाठी भाजीचे मळे पिकवले. महाबळेश्वरच्या बटाट्याला आणि विलायती भाज्यांना जे नाव मिळालं, त्याचं मोठं श्रेय सरकारी गॅझेटिअरनेही या कैद्यांनाच दिलं आहे. बटाटा मुळात दक्षिण अमेरिकेतला, त्याचं नाव आपल्याकडे पोर्तुगिजांनी आणलं, आणि कृष्णेच्या उगमापाशी तो रुजवला चिनी बंदिवानांनी. स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते शेतकऱ्यांच्या कष्टाचं फळ आहे, आनंदच आहे. पण इथल्या परक्या पिकांची पहिली मशागत बेड्यांतल्या हातांनी झाली, हे तिथल्या एका तरी पाटीवर असायला हवं होतं.

त्याहूनही जुनी माणसं म्हणजे धावड. महाबळेश्वरच्या रानात राहून दगडातून लोखंड काढणारी ही मुसलमान जमात. १८८५ च्या सातारा गॅझेटिअरमध्ये त्यांची नोंद आहे. इथला तांबडा जांभा दगड लोहयुक्त. त्यातले जड, लोखंडाचा अंश जास्त असलेले तुकडे निवडायचे, फोडायचे, मातीच्या भट्टीत लाकडी कोळशाबरोबर घालायचे आणि भात्याने वारा देत राहायचं. तळाशी लोखंडाचा गोळा जमे. तो तापवून ठोकून त्यातली मळी काढली की कामाचं लोखंड तयार. अशा लोखंडातूनच गावोगावचे लोहार फाळ, कुऱ्हाडी, विळे घडवत.

या कामाला कोळसा फार लागतो आणि कोळशाला झाडं लागतात. इंग्रजांनी जंगलं राखायला घेतली तेव्हा भट्ट्यांवर बंदी आली. शिवाय विलायतेहून स्वस्त लोखंड येऊ लागलंच होतं. भट्ट्या विझल्या. धावडांचा हुन्नर एक-दोन पिढ्यांत गेला, नाव तेवढं राहिलं. जंगल वाचलं पाहिजे याबद्दल माझं दुमत नाही. प्रश्न हिशेबाचा आहे. भट्ट्या बंद केल्या त्याच डोंगरावर बंगले उठले, मग हॉटेलं उठली. शेवटी २००१ मध्ये केंद्र सरकारला महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करावा लागला. कोळशासाठी झाड तोडणारा धावड गुन्हेगार ठरला. नजाऱ्यासाठी झाड तोडणाऱ्याला ठरायला दीडशे वर्षं लागली.

तोच जांभा साताऱ्याजवळ कासच्या पठारावर आहे. त्यावर मातीचा थर अगदी पातळ, म्हणून मोठी झाडं धरत नाहीत आणि पावसाळ्याच्या अखेरीस फुलांचा गालिचा अंथरला जातो. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांबरोबर कासचाही जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. मुलांना मी सांगतो, फुलांचा फोटो काढाच, पण खालचा दगडही हाताने चाचपून बघा. या दगडावर माणसांची चूल पेटत होती.

आता कृष्णेबरोबर खाली उतरू. वाई, माहुली, कऱ्हाडचा प्रीतिसंगम आणि मग सांगली. सांगलीला भडंग खायचं, हळदीच्या बाजारातून फिरायचं (सांगलीच्या हळदीलाही २०१८ मध्ये मानांकन मिळालं), आणि तिथून जवळच असलेल्या मिरजेला जायचं. कारण धावडांच्या गोष्टीची दुसरी बाजू मिरजेत आहे.

मिरजेचे शिकलगार हेही धातूत काम करणारे मुसलमान कारागीर. तलवारी-भाल्यांना धार आणि झिलई देणं हे त्यांचं काम. 'शिकलगार' हा शब्द फारसीतल्या 'सैकलगर'वरून आला, सैकल म्हणजे झिलई. पेशवाई गेली, लढाया थांबल्या, हत्यारं गंजत पडली. त्यांचाही हुन्नर धावडांच्या वाटेने जायचा. पण मिरजेत गाणं-बजावणं होतं, पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगार वाद्यांच्या दुरुस्तीकडे वळले आणि मग स्वतः तंबोरे, सतारी बनवू लागले. हत्याराला पाणी देणारा हात भोपळ्याला आकार देऊ लागला. पुढच्या पिढ्यांचं आडनावच 'सतारमेकर' झालं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ याच गावात येऊन राहिले. १९३७ मध्ये दक्षिणेत प्रवासात असताना ते वारले, पण दफन मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात झालं. तिथे उरुसात दरवर्षी गाण्याची बैठक होते. हिंदू-मुसलमान गवई तिथे हजेरी लावतात, ऐकणारेही सगळ्या जातीधर्मांचे असतात.

दोन्ही कारागीर एकाच नदीकाठचे, एकाच धर्माचे, धातूशीच झुंजणारे. काळ दोघांवरही उलटला. खालच्यांना कोणीतरी दुसरं काम दिलं, त्यांच्या हातांची किंमत ओळखली. वरच्यांना फक्त 'बंद करा' असं सांगण्यात आलं. हुन्नर मरतो की जगतो, हे कारागिराच्या अकलेइतकंच समाजाच्या नजरेवरही ठरतं. आमच्या समाजात आज मुलांनी हातकाम सोडल्याबद्दल वडीलधारी माणसं हळहळतात, तेव्हा मला या दोन गोष्टी शेजारी ठेवाव्याशा वाटतात.

म्हणून शिक्षक मित्रांना एक सुचवतो. पुढच्या सहलीत मुलांच्या वहीत तीन रकाने आखून द्या. काय पाहिलं, काय खाल्लं आणि हे कोणाच्या हातचं. पहिले दोन रकाने मुलं गाडीतच भरतील. तिसऱ्यासाठी त्यांना स्ट्रॉबेरीच्या मळ्यातल्या बाईला, होडीवाल्याला, सतारमेकर गल्लीतल्या चाचांना थांबून विचारावं लागेल. विचारू द्या. तेवढा अर्धा तास एखादा पॉइंट कमी झाला तरी चालेल.